शंकेची जागा

जुलै लागला की दिवाळी अंकांकडे कथा यायला सुरुवात होते. मी सांगलीत बँकेत नोकरी करते आणि बऱ्याच वर्षांपासून एका दिवाळी अंकाकडे आलेल्या कथांची पहिली चाळणी माझ्याकडे असते. पूर्वी पोस्टाने फुलस्केपचे गठ्ठे यायचे. मार्जिन सोडून, पाठपोट न लिहिलेले, सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. आता ईमेल येते, कधी वहीच्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवलेले असतात. कथेसोबतचं पत्र मात्र वर्षानुवर्षं तेच आहे. ‘मी काही लेखक नाही. सहज सुचलं म्हणून लिहिलं. बरं वाटलं तर छापावं, नाही तर राग नाही.’ हे लिहिणाऱ्यांत निवृत्त मुख्याध्यापक असतात, फार्मसीला शिकणाऱ्या मुली असतात, तलाठी असतात, द्राक्षबागायतदार असतात.

या माणसांनी घरातले झोपल्यावर, स्वयंपाकघरातला एक दिवा लावून बारा-पंधरा पानं लिहिलेली असतात. खाडाखोड करून दोन-तीनदा फेअर केलेली असतात. त्यात सहज असं काहीच नसतं. पण कथा संपादकाच्या हातात पडायच्या आधीच लिहिणाऱ्याने स्वतःविरुद्ध निकाल देऊन टाकलेला असतो आणि तोच पत्रात लिहून पाठवलेला असतो.

मला याविषयी कळकळीने लिहायचं आहे, कारण चांगली कथा लिहू शकणारी किती तरी माणसं दोन-तीन कथांनंतर लिहायचं थांबतात. एखाद्या वर्षी एखादं नाव लक्षात राहतं, पुढच्या वर्षी मी त्या नावाची वाट पाहते आणि ते येत नाही. चौकशी केली तर उत्तर ठरलेलं असतं: आपल्याला ते जमण्यातलं नाही.

शंका दोन प्रकारची असते, असं मला इतक्या कथा वाचून वाटायला लागलं आहे. ‘मला लिहिता येत नाही’ ही एक. ‘सहाव्या पानावर आई जे बोलते ते तिच्या तोंडचं वाटत नाही’ ही दुसरी. पहिलीचं काहीही करता येत नाही. ती घेऊन माणूस फक्त बसून राहतो. दुसरीवर आज रात्री काम करता येतं. नव्या लेखकाची बहुतेक ताकद पहिल्या शंकेत जाते आणि गंमत म्हणजे पुष्कळदा तिच्या पोटात दुसरी दडलेली असते. ‘मला जमत नाही’ असं म्हणणाऱ्याला कथेतलं एखादं ठिकाण आतून खुपत असतं, पण ते नेमकं कुठलं हे त्याला एकट्याला सापडत नाही. मग तो सगळ्या कथेवर, आणि पुढे स्वतःवरच, फुली मारतो.

कथा परत का जाते हेही एकदा आतून सांगायला हवं. अंकाची पानं जाहिरातींवर ठरतात. ऐनवेळी जाहिराती कमी पडल्या की सोळा पानांचा एक फर्मा कमी होतो आणि घेतलेल्या दोन कथा बाहेर राहतात. नावाजलेल्या लेखकांकडून कथा मागवलेल्या असतात, त्यांची पानं आधीच बाजूला काढलेली असतात. वृद्धाश्रमावरच्या पाच कथा आल्या तर एकच घेता येते, बाकीच्या चारांतली एखादी सरस असली तरी. टाळेबंदीनंतरच्या वर्षी तर सगळा गठ्ठाच टाळेबंदीवरचा होता. तीन हजार शब्द मागितलेले असताना सात हजारांची कथा येते. जुन्या फॉन्टमधली फाइल उघडली की पडद्यावर नुसत्या खुणा दिसतात आणि पाठवणाऱ्याने फोन नंबर लिहिलेला नसतो. यातल्या एकाही कारणाचा लिहिण्याच्या कुवतीशी संबंध नाही.

पुष्कळ कथा कच्च्या असतात म्हणून परत जातात, हेही खरं. पण कच्चेपणाला जागा असते. पहिली तीन पानं पावसाचं वर्णन आणि मग माणसं येतात. नाही तर सगळं घडून गेल्यावर शेवटचा परिच्छेद वाचकाला अर्थ समजावून सांगतो. हे दुरुस्त होणारं असतं. लेखकाला ते कुणी सांगत नाही, एवढंच.

खरं खच्चीकरण होतं ते या न सांगण्याने. पूर्वी ‘साभार परत’ची चिठ्ठी तरी यायची. आता बहुतेक ठिकाणांहून होकार नसेल तर काहीच येत नाही. कथा पाठवली, पोचली का माहीत नाही, वाचली का माहीत नाही. कळतं ते थेट दिवाळीत, स्टॉलवर अंक उचलून अनुक्रमणिकेवरून बोट फिरवल्यावर. नकार सोसता येतो, पण असल्या शांततेत माणूस स्वतःच कारणं शोधतो आणि ती नेहमी स्वतःविरुद्धचीच सापडतात. परत जाणाऱ्या कथांपैकी काहींच्या लेखकांना मी दोन ओळी लिहिते. सगळ्यांना लिहिणं नोकरी करून होत नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं.

मराठीत ही दोन ओळींची रीत एके काळी फार मोठ्या प्रमाणावर होती. गिरगावात खटाववाडीतल्या मौज प्रकाशनाच्या कचेरीतून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ‘सत्यकथा’ हे मासिक चालवत. त्यांनी लेखकांना लिहिलेल्या पत्रांविषयी आजही आदराने बोललं जातं. कथेतला अमुक प्रसंग का उभा राहत नाही, शेवट कुठे ताणला गेला आहे, पुन्हा लिहून पाहता का, असं त्या पत्रांतून विचारलेलं असे. अनोळखी, आडगावच्या माणसाच्या हस्तलिखितावरही हे दोघे मेहनत घेत. या काटेकोरपणाचा काहींना जाच झाला, ती चौकट आपल्याला सामावून घेत नाही असं वाटणारे तर पुष्कळ होते. १९६९ मध्ये ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी झाली ती याच रागातून. पण त्या चौकटीबाहेरच्या लोकांनी काय केलं तेही पाहा. होळीच्या बऱ्याच आधी, १९५५ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं. पुढे ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’ अशी किती तरी निघाली. कुणी छापत नाही म्हणून गप्प बसण्याऐवजी चार जणांनी एकमेकांचं वाचायचं आणि स्वतःच छापायचं, हा मार्ग त्यांनी काढला. मला दोन्ही बाजूंविषयी सारखंच ममत्व आहे, कारण लिहिणाऱ्याला लागतो तो वाचणारा माणूस दोघांकडेही होता. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली.

माझं स्वतःचं सांगायचं तर तरुणपणी माझी एक कथा परत आली तेव्हा सातव्या पानाच्या मार्जिनमध्ये पेन्सिलने एवढंच लिहिलेलं होतं: ‘कथा इथून सुरू होते.’ त्या संपादकांना मी कधी भेटले नाही. आधीची सहा पानं बाजूला ठेवून वाचलं आणि अंगावर काटा आला. कथा तिथूनच सुरू होत होती. त्या चार शब्दांनी मला जे दिलं ते पुढे छापून आलेल्या कुठल्याही कथेने दिलं नाही.

आमच्या वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी आम्ही कथा वाचतो. आमच्यात एसटीचे एक कंडक्टर आहेत. मिरज-जत बाजूच्या गाड्यांवर त्यांची बरीच नोकरी झालेली. त्यांनी लिहिलेली कथा सुट्या पैशांची होती. कंडक्टरकडे सुटे नसले की तो तिकिटाच्या मागे देणं लिहून देतो आणि उतरताना मागून घ्या म्हणतो. कथेतला प्रवासी मिरजेत बसतो, पाचशेची नोट देतो, तिकिटामागे चारशे दहा लिहून घेतो आणि त्याचं गाव येतं तेव्हा झोपेतून दचकून उठून तसाच उतरून जातो. पुढचे काही दिवस कंडक्टर ते पैसे वेगळे सांभाळतो. तपासणी पथकाने बॅग मोजली आणि रक्कम जास्त निघाली तर त्याचाही जाब द्यावा लागणार, म्हणून तो धास्तावलेला असतो. शेवटी सुट्टीच्या दिवशी तो त्या गावात चौकशी करत घरी जातो. तोवर माणूस वारलेला असतो. पैसे तो त्याच्या बायकोच्या हातात देतो.

वाचायच्या आधीच ते म्हणाले, “ताई, हे फाडून टाकावंसं वाटतंय. आपलं हे काम नव्हे.” मी म्हटलं, फाडा, पण आधी मोठ्याने वाचा. त्यांचा आवाज भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा. ते सावकाश, प्रत्येक शब्द उच्चारत वाचत होते. गाडीतली गर्दी, वेबिल, डेपोतला हिशेब हे सगळं आम्हाला डोळ्यांसमोर दिसत होतं. नवव्या पानावर ती बायको बोलायला लागली. देवमाणूस आहात, जगात अजून प्रामाणिकपणा शिल्लक आहे, असं ती जवळजवळ पानभर बोलत होती. तिथं त्यांचा वाचण्याचा वेग एकदम वाढला. मी ते पान परत वाचायला सांगितलं. पुन्हा तसंच झालं. दोन्ही वेळा त्यांना तिथून लवकर बाहेर पडायचं होतं.

“इथं घाई का होते तुमची?” मी विचारलं. ते बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ती बाई असं बोलायची नाही, ताई. ती आधी पैसे मोजील.”

पुढच्या बैठकीला त्यांनी ते पान नव्याने लिहून आणलं. आता ती बाई दारातच उभी राहून पैसे मोजते, पदराच्या टोकाला बांधते आणि विचारते, “ते मिरजेतनं बसलेले?” कंडक्टर हो म्हणतो. बस, एवढंच. आमच्याकडे मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कुणी घरी न सांगता मिरजेला जाऊन आलं की घरच्यांनी काय समजायचं ते समजतात. नवऱ्याला आपलं दुखणं माहीत होतं आणि त्याने ते लपवलं, हे तिला त्या एका ‘हो’मधून कळतं. पानभर भाषणाच्या जागी तीन ओळी आल्या आणि सुट्या पैशांची कथा कुठल्या कुठे गेली. ती एका अंकाने नाकारली, पुढच्या वर्षी दुसऱ्याने छापली. आता ते नवी कथा लिहीत आहेत.

हा उपाय मी सगळ्यांना सांगते. कथा मोठ्याने वाचा, समोर एक तरी माणूस बसवून वाचा. आवाज कुठे घाई करतो, कुठे नाटकी होतो, कुठे खाली जातो, तिथे पेन्सिलने खूण करा. शंका सहसा त्या खुणांपाशीच असते. घरच्यांना जरूर ऐकवा, पण घरचे ‘छान’ म्हणतात आणि त्या ‘छान’ने पोट भरत नाही. बायको, नवरा, भाऊ यांच्याखेरीज एक माणूस शोधा, जो तुमच्यासारखाच लिहायला धडपडतो आहे. त्याचं तुम्ही वाचा, तुमचं तो वाचेल.

शंका नुसती नव्यांनाच असते, हा समजही एकदा काढून टाकायला हवा. अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांनी १९३८ मध्ये, मे महिन्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत, ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ लिहिली. दुष्काळाने आणि कर्जाने शेतं गेलेली ओक्लाहोमाची कुटुंबं कामाच्या शोधात कॅलिफोर्नियाला जातात, त्यांची ही कादंबरी. त्याच्या आधीच कॅलिफोर्नियातल्याच एका विषयावरचं एक लिखाण त्यांनी जाळून टाकलं होतं. या पाच महिन्यांत ते एक वेगळी रोजनिशी ठेवत होते. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९८९ मध्ये छापली गेली. तिच्यात जागोजागी निराशा आहे. आपण लेखक नाही, आपण स्वतःला आणि लोकांना फसवत आलो, असं त्यांनी तिथे लिहिलं आहे. हे लिहिणारा माणूस तेव्हा ‘ऑफ माइस अँड मेन’सारखी गाजलेली कादंबरी लिहून बसलेला होता. शेजारी घराच्या बांधकामाची ठोकाठोक चालू होती, पाहुणे येत होते, त्यांच्या प्रकाशकाचं दिवाळं त्याच उन्हाळ्यात निघालं.

त्या रोजनिशीतली मला भावलेली गोष्ट ही की शंकेसाठी त्यांनी वही वेगळी ठेवली होती. आधी तिच्यात मनातलं लिहायचं, मग कादंबरीचं हस्तलिखित पुढे ओढायचं आणि दिवसाचे साधारण दोन हजार शब्द पुरे करायचे. आदल्या दिवसाची निराशा कादंबरीच्या पानावर उतरत नसे. त्यांची पत्नी कॅरल ते हस्तलिखित वाचत, टाइप करत होत्या. कादंबरीचं नावही त्यांनीच सुचवलं. म्हणजे इथेही वाचणारं माणूस होतं, अगदी घरात. १९४० मध्ये त्या कादंबरीला पुलित्झर मिळालं, १९६२ मध्ये स्टाइनबेकना नोबेल मिळालं.

इंग्रज लेखिका बार्बरा पिम यांची गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नाही, ती नोकरी करून लिहिणाऱ्यांनी तर माहीत करून घ्यावीच. लंडनमधल्या आफ्रिकाविषयक अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत त्या संपादनाचं काम करत. सहा कादंबऱ्या छापून झाल्यावर १९६३ मध्ये सातवी त्यांच्याच प्रकाशकाने नाकारली. मग इतरांनीही नाकारली. चौदा वर्षं त्यांची एकही नवी कादंबरी छापली गेली नाही. विशीतल्या माणसाला येणारा नकार आणि पन्नाशीत, सहा पुस्तकांनंतर येणारा नकार यांत मला दुसरा जास्त जिव्हारी लागणारा वाटतो. पण या सगळ्या काळात कवी फिलिप लार्किन त्यांना पत्रं लिहीत होते, त्यांच्या कादंबऱ्यांविषयी बोलत होते. १९६१ पासून पत्रव्यवहार, आणि प्रत्यक्ष भेट थेट १९७५ मध्ये! पिम लिहीत राहिल्या. १९७७ च्या जानेवारीत ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ने मान्यवरांना शतकातले उपेक्षित आणि वाजवीपेक्षा जास्त गौरवले गेलेले लेखक कोण, असं विचारलं, तेव्हा लार्किन आणि लॉर्ड डेव्हिड सेसिल या दोघांनी उपेक्षित म्हणून पिमचं नाव घेतलं. त्याच वर्षी त्यांची ‘क्वार्टेट इन ऑटम’ आली आणि बुकरच्या अंतिम यादीत पोचली. १९८० मध्ये त्या वारल्या. १९६३ मध्ये नाकारलेली कादंबरी १९८२ मध्ये छापून आली.

सगळ्यांच्या वाट्याला असा शेवट येत नाही, आणि तसं आश्वासन मी कुणाला देणार नाही. लार्किनची पत्रं मात्र कुणीही लिहू शकतं.

लिहिणाऱ्यांसाठी कामाच्या काही गोष्टी सांगून टाकते. कथा पाठवताना पत्रात स्वतःविषयी निकाल लिहू नका; नाव, पत्ता, फोन नंबर, शब्दसंख्या एवढं पुरे. युनिकोडमध्ये टाइप करा. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नका, पण एकीकडून परत आली की आठवड्याच्या आत दुसरीकडे पाठवा, घरात पडून राहिलेल्या कथेभोवती शंका साचत जाते. पाठवलेल्या कथेच्या उत्तराची वाट पाहत बसण्यापेक्षा दुसरी कथा सुरू केलेली बरी. पुस्तकापुरता मजकूर झाला असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजना आहे, तिची चौकशी करा. आणि गावात वाचनालय असेल तर ग्रंथपालांकडे रविवारचे दोन तास एक टेबल मागा. आम्हाला ते मागितल्याबरोबर मिळालं.

आता जे लिहीत नाहीत, फक्त वाचतात, त्यांच्याशी बोलायचं आहे. येत्या दिवाळीत तुमच्या घरी एक-दोन अंक येतील. ओळखीच्या नावांच्या कथा तुम्ही वाचालच. त्यानंतर एखाद्या कधीच न ऐकलेल्या नावाची कथा वाचा. बऱ्याच अंकांत कथेच्या शेवटी लेखकाचा फोन नंबर छापलेला असतो. त्यावर फोन करा. कथा फार आवडली असं खोटं सांगायची गरज नाही. कुठला प्रसंग लक्षात राहिला ते सांगा आणि कुठे अडखळलात तेही सांगा. फोन पाच मिनिटांत संपेल. पलीकडचा माणूस पुढची कथा लिहायला बसण्याची शक्यता त्या पाच मिनिटांनी खूप वाढलेली असेल.